एकाच लारीवर दोघे जेवले, आजारी एकच पडला: चायनीज खावं की नाही?

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट समजलाय की नाही ते तुला कळेल. तू लातूरहून बडोद्याला शिकायला आलास, दुसऱ्या वर्षाला आहेस, फतेगंजला पीजीत राहतोस. आठवड्यातले तीन-चार दिवस रात्रीचं जेवण चायनीजच्या लारीवर होतं, कारण ६० रुपयांत हाफ प्लेट येते आणि पोट भरतं. गेल्या महिन्यात एका शनिवारी रात्री पावणेअकराला तू फ्राइड राइस खाल्लास आणि रूममेटने हक्का नूडल्स. दीड-दोनच्या सुमारास तुला उलट्या सुरू झाल्या, पहाटेपर्यंत पाच-सहा झाल्या. ताप नव्हता, जुलाब नव्हते, दुसऱ्या दिवशी दुपारी तू उठून बसलास. रूममेटला काहीच झालं नाही. घरचे म्हणतात अजिनोमोटोचा परिणाम, चायनीज सोड. तू विचारतोस, खरंच सोडू का, आणि सोडायचं नसेल तर चांगली लारी ओळखायची कशी?

(बडोद्याबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे खाण्याच्या हातगाडीला लारी म्हणतात. मीही तेच म्हणणार आहे.)

मी दांडिया बाजारातली. इथल्याच विद्यापीठात होम सायन्स शिकले, पुढे बरीच वर्षं फरसाणाच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणी केली, आणि गेली अकरा वर्षं लारीवाल्यांना स्वच्छतेचं प्रशिक्षण देते. त्यात चायनीजवाले भरपूर असतात. भाच्याच्या वयाचा आहेस म्हणून ‘तू’ म्हणते.

तुझ्या प्रश्नात ‘चायनीज चांगलं की वाईट’ यापेक्षा मोलाची गोष्ट तू सहज लिहून गेलास: लारी एक, कढई एक, भट्टी एक, सॉसच्या बाटल्या त्याच, आणि आजारी तू एकटा. अजिनोमोटो तर नूडल्समध्येही पडलं असणार. मग फरक कशात होता? भातात.

इथे एक कबूल करते. तुझ्या पोटात नक्की काय झालं हे तपासणीशिवाय कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. दुपारी तू दुसरं काही खाल्लं असशील. भात वाढणाऱ्याच्या बोटाला पिकलेली जखम असली तर त्यातूनही अशाच उलट्या होतात आणि वेळेचं गणितही जवळपास असंच असतं. पण रात्री उशिराचा फ्राइड राइस, तीन तासांनी उलट्या, ताप नाही, चोवीस तासांच्या आत बरं, ही खूण माझ्या ओळखीची आहे. माझा पहिला संशय भातावर, त्यातल्या बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूवर.

हा जिवाणू मातीतला. तांदळावर त्याचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली झोपलेली रूपं, असतातच, तुझ्या आईच्या डब्यातल्या तांदळावरही असतात. भात शिजला की बाकीचे बहुतेक जिवाणू मरतात, पण हे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. भात गरम आहे तोवर ते गप्प असतात. तो कोमट झाला की रुजतात, वाढतात आणि वाढता वाढता भातात एक विष सोडतात. उलट्या त्या विषाने होतात. आणि हे विष आचेला दाद देत नाही: १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं. त्यामुळे भट्टीच्या भडक्यावर तुझ्यासमोर धूर काढत परतलेला भातही निर्धोक असेलच असं नाही. परतताना जिवाणू मरतात, विष तसंच ताटात येतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये चायनीज हॉटेलांतला फ्राइड राइस खाऊन अशा उलट्या झाल्याच्या घटना पुढे आल्या, तेव्हापासून हे प्रकरण आमच्या विषयात शिकवलं जातं.

मग लारीवाला ताजा भात का लावत नाही? याचं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही, एका लारीमागे उभं राहून मिळालं. मे महिना होता. स्वयंपाकी नेपाळचा, हाताला फार वेगवान. दुपारी तीनला त्याने मोठ्या टोपात आठ किलो तांदूळ शिजवला, पाणी निथळलं, थोडं तेल फिरवलं आणि सगळा भात एका खोल प्लास्टिकच्या टबात ओतून वर ओलं फडकं टाकलं. मी विचारलं, लागेल तसा का नाही शिजवत? तो म्हणाला, “मॅडम, ताजा चावल टूटता है।” आणि त्याचं म्हणणं खरं आहे. गरम, ओला भात कढईत झारा लावला की चिकटतो, त्याचा लगदा होतो. निवलेला भात कडक होतो, दाणा सुटा राहतो. फ्राइड राइस शिळ्या-निवल्या भाताचाच पदार्थ आहे. आपला फोडणीचा भात तरी दुसरा कशाचा असतो?

रात्री साडेआठला मी त्या टबात थर्मामीटर खुपसलं. वरचा थर हाताला गार लागत होता, पण मधोमध ४१ अंश. साडेपाच तासांनंतरही पोटात ऊब होती. खोल टबातला भात बाहेरून निवतो, आतून निवत नाही, वर बडोद्याचा मे महिना. अन्न ५ अंशांच्या खाली किंवा ६० अंशांच्या वर ठेवा, असं आम्ही प्रशिक्षणात घोकून घेतो. तो टब संध्याकाळभर बरोबर या दोहोंच्या मध्ये बसला होता. आकडा मी त्याला दाखवला. त्याला वाटत होतं ओल्या फडक्याने भात गार राहतो. त्याच्या मनात खोट नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचंय. लोक लारीवाल्याला सरसकट घाणेरडा, फसवा म्हणतात, तेव्हा मला वाईट वाटतं. जे त्याला कोणी सांगितलंच नाही, ते त्याने करावं तरी कसं?

उपाय साधा निघाला. तो आता तीनला चार किलो आणि साडेसातला चार किलो भात लावतो. टबाऐवजी दोन पसरट स्टीलच्या पराती, त्यात भात दोन बोटं जाडीचा पसरायचा आणि समोर टेबलफॅन. तासाभरात भात पार निवतो, मग थोडा थोडा डब्यात भरून बर्फाच्या पेटीत. खर्च वाढला तो बर्फाचा आणि दुसऱ्यांदा भात लावायच्या मेहनतीचा. दाणा पहिल्यापेक्षा सुटा येतो, असं तो स्वतः सांगतो.

आता ६० रुपयांच्या प्लेटचं. स्वस्त म्हणजे वाईट, हे समीकरण मला मान्य नाही. तांदूळ, कोबी, मैद्याच्या नूडल्स या मुळातच स्वस्त वस्तू आहेत, तिथे लारीवाल्याला फार काटकसर करायची गरजच पडत नाही. पैसा वाचवायचा मोह दुसरीकडे होतो: बर्फ आणायचा नाही, भांडी धुवायला माणूस ठेवायचा नाही, तेल आणखी एक दिवस चालवायचं, आणि उरलेलं टाकायचं नाही. शेवटचं सगळ्यात घातक. रात्री उरलेला दोन किलो भात उद्याच्या टबात तळाशी गेला, की दर कितीही असो, पुढचा गिऱ्हाईक धोक्यात. पन्नास रुपयांच्या लारीवर हे टळू शकतं आणि तीनशेच्या हॉटेलात घडू शकतं.

म्हणूनच ‘गर्दी असेल तिथे खा’ हा सल्ला मी अर्धाच मानते. गर्दीच्या लारीवर माल लवकर संपतो, हे खरं. पण शनिवारची गर्दी ठाऊक असल्यामुळे लारीवाला दुपारी मोठा घाणाही लावून ठेवतो, आणि ढीग जितका मोठा तितका तो उशिरा निवतो. तू शनिवारी पावणेअकराला जेवलास. शनिवारची गर्दी आणि दुपारच्या टबाचा तळ, दोन्ही तुझ्या वाट्याला आले असावेत. नूडल्सचं गणित थोडं वेगळं आहे. त्या सहसा लहान लहान घाण्यांत, संपतील तशा उकडतात. तुझ्या रूममेटच्या प्लेटमधल्या नूडल्स कदाचित नऊ वाजता उकडलेल्या असतील. नूडल्समध्ये हा जिवाणू वाढतच नाही असं मात्र समजू नकोस. दुपारी उकडून तेल लावून ढिगात ठेवल्या तर त्यांचंही भातासारखंच होतं.

तेव्हा लारी निवडताना मी नाव पाहत नाही, सॉसचा ब्रँड पाहत नाही. आधी भात कशात ठेवलाय ते पाहते. खोल टब, वर फडकं आणि रात्रीचे दहा वाजून गेलेले, तर भात घेत नाही. विचारायला संकोच करू नकोस. “भैया, चावल कब का है?” असं हसून विचारलं की बहुतेक जण खरं सांगतात, आणि जो चिडतो त्याचंही उत्तर कळतं. मग पाण्याकडे नजर टाकते. एकाच बादलीत दिवसभर प्लेटा बुचकळत असतील तर मी स्वतःचा डबा पुढे करते. तूही स्टीलचा डबा बॅगेत ठेव. गरमागरम नूडल्स पातळ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घेण्यापेक्षा ते फार बरं. तिसरं म्हणजे माणूस पैसे घेतो त्याच हाताने कोबी उचलतो का. दोघे असतील, एक गल्ल्यावर आणि एक कढईवर, तर माझ्या मनात त्या लारीला आणखी एक गुण. एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी असली की १४ आकडी क्रमांक लावलेला असतो, तोही पाहावा. पण त्या क्रमांकाने आज संध्याकाळचा भात कधीचा आहे हे कळत नाही.

काय मागवावं, तर उशिरा गेलास की उकळतं सूप आणि तुझ्यासमोर भडक्या आचेवर परतलेल्या नूडल्स, कोबी-गाजर कढईत नीट गरम झालेलं. चायनीज भेळ मी पावसाळ्यात कुणालाच सुचवत नाही. तळलेल्या नूडल्स कोरड्या असतात, त्यांची काळजी नाही. पण वरचा कोबी, कांदा, कोथिंबीर कच्ची असते, आणि ती कुठल्या पाण्याने धुतली हे आपल्याला दिसत नाही. कावीळ, टायफॉइड या वाटेने येतात, आणि ते प्रकरण एका रात्रीच्या उलट्यांवर भागत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात घुसलं, त्यानंतर कित्येक आठवडे मी आमच्या घरात बाहेरची कच्ची कोशिंबीर, चटणी येऊच दिली नाही.

मंचुरियनचं वेगळं. हा पदार्थ चीनचा नाहीच. १९७५ साली मुंबईत नेल्सन वांग या कलकत्त्यात वाढलेल्या स्वयंपाक्याने तो पहिल्यांदा केला असं मानलं जातं, आणि गुजरातेत तो पार शाकाहारी होऊन बसला. त्याचे गोळे दुपारी एकदा तळून ठेवतात आणि मागणी आली की पुन्हा तळतात. दुसऱ्यांदा कडकडीत तळले गेले तर ठीक. नुसतेच कोमट ग्रेव्हीत सोडले तर मी घेत नाही. ग्रेव्ही मोठ्या पातेल्यात मंद आचेवर तासन्‌तास ठेवलेली असेल तर “ड्राय द्या” म्हणावं, किंवा ताजी कढईत करून मागावी.

आणि रंग. याची काळजी तुझ्या घरच्यांनी अजिनोमोटोपेक्षा जास्त करायला हवी होती. कर्नाटकात मार्च २०२४ मध्ये सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरण्यावर बंदी आणली, कारण तपासलेल्या नमुन्यांत असुरक्षित रंग सापडले. त्याच आदेशात बुढ्ढी के बाल म्हणजे कॉटन कँडीतल्या ऱ्होडामाइन-बी या रंगावरही बंदी आली. तो कापडउद्योगातला रंग आहे, खाण्यासाठी नाहीच. काश्मिरी मिरचीने मंचुरियन तांबूस-तपकिरी होतं. झगझगीत लाल होत नाही. खाऊन झाल्यावर साबणाने हात धुतले तरी बोटं गुलाबी राहिली, तर त्या लारीवर मंचुरियन पुन्हा घेऊ नकोस. नूडल्स हव्या तर खुशाल घे.

अजिनोमोटोबद्दल घरी काय सांगायचं, ते आता सांगते. हे एका जपानी कंपनीचं नाव आहे, वस्तूचं नाव मोनोसोडियम ग्लुटामेट. १९०८ साली तोक्योत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ग्लुटामेट वेगळं केलं. पिकल्या टोमॅटोतही ग्लुटामेट असतंच. बदनामी सुरू झाली ती १९६८ साली, अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्राने. चायनीज हॉटेलात जेवल्यावर मानेला बधिरता येते, छातीत धडधडतं, असं त्या डॉक्टरने लिहिलं होतं आणि कारण म्हणून सोया सॉस, वाइन, मीठ, ग्लुटामेट असे तीन-चार संशय मांडले होते. लोकांनी त्यातला एकच उचलला. पुढे कोणाला काय दिलंय हे न सांगता केलेल्या चाचण्यांत तो त्रास सातत्याने दिसला नाही. उपाशीपोटी, अन्नाशिवाय, तीन ग्रॅम किंवा जास्त घेतलं तर काही जणांना थोडा वेळ डोकं दुखणं, चेहरा गरम होणं असं होऊ शकतं, इतपत मान्य आहे. तुझ्या प्लेटमध्ये चिमूट-दीड चिमूट पडतं. त्याने रात्री दोनला पाच उलट्या होत नाहीत. तुला स्वतःला दर वेळी त्रास जाणवत असेल तर “अजिनोमोटो मत डालना” म्हण, कोणीही लारीवाला ऐकतो.

घरच्यांचं एक म्हणणं मात्र मला पटतं, कारण वेगळं आहे इतकंच. आठवड्यातून तीन-चारदा हे फार होतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे साधारण २००० मिलिग्रॅम सोडियम. एक मोठा चमचा सोया सॉस म्हणजे त्यातलं ९०० च्या आसपास. वर मीठ, चिली सॉस, शेजवान चटणी. एका प्लेटमध्येच दिवसाचा कोटा संपत येतो, आणि विशीत त्याचं काहीच जाणवत नाही म्हणून ही सवय तशीच पुढे चालत राहते. शिवाय मैदा, तेल आणि मूठभर कोबी. त्यात डाळ नाही, उसळ नाही. रात्री एक-दोनपर्यंत अभ्यास करणाऱ्या मुलाला एवढ्यावर कसं निभेल? दोनदा खा. उरलेल्या रात्रींसाठी एखादा मेसचा डबा लाव, आणि बाहेरच खायचं तर त्याच पैशांत शेव-उसळ आहे. बडोद्याची ही उसळ पातेल्यात सतत खदखदत असते, म्हणजे माझ्या थर्मामीटरच्या हिशोबाने बरीच सुरक्षित, आणि वाटाण्याचं प्रथिन मिळतं. पाव हवा तेवढाच घे, तर्री बेताची.

तू विचारलं नाहीस, पण पीजीतली मुलं हमखास करतात म्हणून लिहिते. रात्री दहाला पार्सल आणलेला फ्राइड राइस अर्धा उरला आणि सकाळी कॉलेजला जायच्या आधी खाल्ला, असं कधीही करू नकोस. फ्रिज नसेल तर तो रात्रीच टाकून दे. अन्न टाकताना जीव तुटतो, मलाही तुटतो. म्हणून फुल नको, हाफच मागव.

आणि पुन्हा कधी उलट्या झाल्या तर लगेच उलटी थांबवायच्या गोळ्यांमागे धावू नकोस, आधी पाणी सांभाळ. मेडिकलमधून ओआरएसची पुडी आणून पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात विरघळव. ती मिळाली नाही तर एक लिटर उकळून निववलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. घोटभर घे, पाच मिनिटं थांब, पुन्हा घोटभर. सहा-सात तास लघवी झाली नाही, उलटीत किंवा शौचात रक्त दिसलं, ताप चढला किंवा उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळची वाट पाहू नकोस. रूममेटला उठव आणि सयाजी हॉस्पिटल गाठ. तिथे डॉक्टरांना सांग की भात खाल्ला होता, किती वाजता खाल्ला आणि किती वाजता पहिली उलटी झाली. या दोन वेळा त्यांना फार उपयोगी पडतात.